आधी आवाज, मग चाक

"थांबा. आधी त्याचं म्हननं ऐकून घ्या."

हे म्हणताना तात्या मान डावीकडे कलती करायचे आणि उजव्या हाताचा तळवा हवेत आडवा धरायचे. समोर कोणी भांडायला उठलंय आणि त्याला खाली बसवायचंय, असं वाटावं. प्रत्यक्षात समोर असायचं ते वीतभर लांबीचं, खेळण्यातलं एक डिझेल इंजिन. 'खेळण्यातलं' हा शब्द माझा. तात्यांसमोर तो उच्चारायची सोय नव्हती. "पोरं आपटत्यात त्ये खेळनं. ह्याला मॉडेल म्हनत्यात," असं ते एकदाच सांगायचे आणि ते पुरेसं असायचं.

तळवा आडवा झाला की खोलीत कोणी बोलायचं नाही. त्या इंजिनाच्या पोटातून आधी खोकल्यासारखा आवाज यायचा, मग धडधड सुरू व्हायची आणि एका लयीत स्थिरावायची. इंजिन मात्र जागचं हललेलं नसायचं. नवखा माणूस नेमका इथे फसायचा. आवाज येतोय आणि गाडी निघत नाही, म्हणजे कुठेतरी अडकलं असणार, असं वाटून तो मदतीला पुढे सरकायचा. तात्यांचा तळवा आणखी थोडा खाली जायचा. आवाज एक पायरी चढायचा, आणि मग, डोळे बारीक करून पाहिलं तरच कळेल अशा बेताने, पुढचं चाक फिरू लागायचं.

"आता निगालं," तात्या सांगायचे. तोवर पाहुण्याच्या पायाला मुंग्या आलेल्या असायच्या.

आमची ओळख कारखान्यातली. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आम्ही दोघे नोकरीला होतो. तिथे मोठ्या यंत्रांचे बेड तासायचं काम चाले. बेड म्हणजे यंत्र ज्याच्यावर उभं राहतं तो ओतीव लोखंडाचा सांगाडा. काही बेड बैलगाडीएवढे असत. ते उचलून इकडून तिकडे न्यायला छताखालून धावणारी क्रेन होती आणि तिच्या केबिनमध्ये तात्या बसायचे. मी खाली विजेचं काम बघायचो. पुढे माझ्या हुद्द्यात इंजिनियर हा शब्द आला, पण तात्यांनी मला पहिल्या दिवशी 'वायरमन' म्हटलं होतं आणि त्यात बदल करायची त्यांना गरज वाटली नाही.

मी बारामतीहून कंपनीच्या बसने यायचो. ते शेळगावच्या फाट्यावर चढायचे. चढण्याचीही त्यांची एक रीत होती. बस थांबली की बाकीचे दाराला झोंबायचे, तात्या तसेच उभे. ड्रायव्हर ओरडायचा, "चडा की तात्या, का आमंत्रन पायजे?"

"तुजी गाडी अजून थांबली न्हाय. नुसती उबी ऱ्हायलीय," तात्या म्हणायचे. ब्रेकमधली हवा फुस्स करून बाहेर पडली, गाडी जराशी मागे रेलली, की मग ते पायरीवर पाऊल ठेवायचे. हे रोजचं होतं. ड्रायव्हरचं ओरडणंही रोजचंच होतं.

त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. आता त्या जागी ऊस होता, आणि तो भाऊ बघायचा. पण मेंढरांमागची चाल तात्यांच्या पायात राहून गेली होती. "कळप हाकायचा नस्तोय वायरमन," ते मला सांगायचे. "त्येच्या मागनं चालायचं अस्तं. घाई केली की फुटतो." माझा स्वभाव याच्या बरोबर उलट. बिघाड काय आहे ते कळायच्या आधी माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर असतो. त्यामुळे हे असलं काही ऐकलं की मला ते टोमणे वाटायचे, आणि बहुधा ते टोमणेच होते.

इंजिन आलं ते मुलीमुळे. मुलगी पुण्याला नोकरीला. एकदा वडील आलेत म्हणून ती त्यांना रेल्वेच्या मॉडेलचं एक प्रदर्शन दाखवायला घेऊन गेली. तिथे बाकी सगळ्या गाड्या गोल गोल फिरत होत्या आणि भोवती पोराटोरांची गर्दी होती. एका कोपऱ्यात मात्र कोणीतरी हौशी गृहस्थ आपलं इंजिन इतकं हळू चालवत बसले होते की लोकांना ते बंद आहे असं वाटत होतं. तात्या तिथे जे उभे राहिले ते मुलगी मधे जाऊन जेवून आली तरी तिथेच. पुढे दुकानात गेल्यावर त्यांनी दुकानदाराला विचारलं, "सगळ्यात हळू कुटलं पळतं, त्ये दाखवा." दुकानदाराला आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न आला होता. तो मुलीकडे बघायला लागला.

शेळगावच्या घरात एक लांबोडकी खोली होती. पूर्वी तिथे लोकर ठेवायचे. तात्यांनी तिच्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळी ठोकली आणि फळीवर रूळ अंथरले. सरळ, एकच रेघ. बोगदा नाही, स्टेशन नाही, पुठ्ठ्याची झाडं नाहीत. गावातली माणसं बघायला यायची आणि हमखास विचारायची, "तात्या, गोल का न्हाय केलं?"

"गोल फिरून परत हितंच यायचं, तर मग निगायचं कशाला?" तात्या विचारायचे.

पाहुणा आला की काकी, म्हणजे तात्यांची बायको, इंजिन सुटल्याचा आवाज ऐकून चहाचं आधण ठेवायच्या. मधेच स्वयंपाकघरातून हाक यायची, "कुटवर आलं?" तात्या सांगायचे, "खिडकीपतुर." मग काकी साखर टाकायच्या. इंजिन समोरच्या भिंतीशी पोचलं की चहा कपात पडायचा. दूध उतू गेल्याचं मी त्या घरात कधी पाहिलं नाही. काकींना इंजिनाचं कौतुक होतं का, हे मी एकदा विचारलं होतं. "घड्याळापरीस बरं हाय," त्या म्हणाल्या. "घड्याळ पुडं पळतंय."

एकदा काकींचे भाऊ आले. ते त्यांच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन, बोलावलं की माणूस येतो आणि ढकललं की काम पुढे जातं, अशी सवय झालेले. तात्या पाणी आणायला आत वळले तेवढ्यात त्यांनी रिमोट हातात घेतला. इंजिन सुरू झालं, धडधडायला लागलं, पण जाईना. चेअरमननी बटण आणखी फिरवलं. आवाज चढला. तरी जाईना, म्हणून त्यांनी ते शेवटपर्यंत पिळलं. मग मात्र इंजिन जे उधळलं ते समोरच्या भिंतीवर आपटून खाली कांद्याच्या पाटीत जाऊन पडलं. तात्या तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, इंजिन कांद्यातून काढलं, फुंकर मारली आणि एवढंच म्हणाले, "पाव्हनं, त्ये सांगत हुतं तुमाला. तुमी मधीच बोलला."

चेअरमनची तशी चूक नव्हती, हे मला पुढे कळलं. अशा इंजिनाच्या पोटात एक चिप असते. बटण फिरवलं की पळत सुटू नकोस, वेग सावकाश धर, आणि बटण मागे आणलं तरी एकदम थांबू नकोस, घरंगळत ये, असं तिला सांगून ठेवता येतं. खऱ्या इंजिनाला त्याच्या वजनामुळे जे आपोआप होतं ते या वीतभर इंजिनाला असं शिकवावं लागतं. मी त्याला सेटिंग म्हणायचो. तात्या म्हणायचे, "त्येच्यात वजन घातलंय." किती घालायचं यावर त्यांचे आठवडे जायचे. जास्त झालं तर ते हाताचं ऐकत नाही. कमी झालं तर दचके खातं.

आवाजाचाही हिशेब याच्याशी जुळावा लागायचा. "आवाज वाडला आन् चाक न्हाय हललं, तर त्ये थापा मारतंय. चाक हललं आन् आवाज न्हाय, तर चोर हाय," तात्या म्हणायचे. आधी आवाज, मग चाक, आणि दोन्हींच्या मधे एक श्वास. त्या श्वासासाठी ते रूळ पुसायचे, चाकं पुसायचे. पुसायला काकींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणि स्पिरिट. रुळावर धुळीचा कण आला तर हळू चालणारं इंजिन तिथेच अडतं, आवाज तुटतो. वेगाने जाणारं त्याच्यावरून निघून जातं, त्याला काही फरक पडत नाही. घरासमोरून उसाची ट्रॉली गेली की तात्या उठून पुन्हा पहिल्यापासून पुसायला घ्यायचे. गळिताच्या हंगामात तर इंजिन चालायचं कमी आणि पुसणंच जास्त व्हायचं.

तुमच्या लक्षात आलं असेल, हा माणूस दिवसभर क्रेनवर जे करायचा तेच घरी येऊन करायचा. आमच्याकडे एक प्रोडक्शनचे साहेब होते, ते याला वेड म्हणायचे. पण क्रेनवर हा माणूस बघितला की ते गप्प उभे राहायचे.

क्रेनच्या हुकाखाली उभं राहून खुणा करणारा जो असतो त्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. आमचा खलाशी बशीर. इंदापूरचा. तात्यांचं आणि त्याचं गणित पंधरा-वीस वर्षांचं. बेड हवेत लटकत यायचा, बशीर एक तळहात बेडवर टेकवून त्याच्याबरोबर चालायचा आणि दुसऱ्या हाताने वर खुणा करायचा. टेबलाशी आल्यावर तोंडाने म्हणायचा, "आस्ते... सूतभर... बास." त्या गोंगाटात ते वर ऐकू जाणं शक्यच नव्हतं, तरी 'बास'ला बेड टेकलेला असायचा. टेबल आणि बेड यांच्या मधल्या फटीत बशीरची बोटं शेवटपर्यंत असायची, पॅकिंगच्या पट्ट्या सरळ करत. मी नवीन होतो तेव्हा ते बघून ओरडलो होतो. बशीर हसून म्हणाला, "वर तात्या हाय न्हवं?"

ही पद्धत नियमात बसणारी नव्हती. सेफ्टीवाले बोटांवरून दरवेळी बोलायचे. बशीर हो म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी बोटं तिथेच असायची.

तात्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता तेव्हाची गोष्ट. एक दिवस ते वर्कशॉपमध्ये माझ्या टेबलापाशी आले. एरवी कधी येत नसत.

"वायरमन, क्रेनची लिव्हर सोडली की ती लई चटकन थांबती. जरा घरंगळू दे की. सुटतानाबी जरा दमानं सुटू दे. तुमच्या त्या ड्राइव्हमदी बसतंय न्हवं त्ये?"

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी पेटी. बसतंय, मी म्हणालो. पण क्रेन दोन पाळ्यांत चालते, दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर वेगळा. त्याच्या हाताला ती आहे तशीच सवयीची आहे. बशीरने थांब म्हटल्यावर ती थांबायला हवी, घरंगळून चालणार नाही. मी नाही म्हणालो. तात्यांनी वाद घातला नाही. "व्हय, त्येबी खरं," म्हणाले आणि गेले. जाताना त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

त्याच सुमारास शेळगावचं इंजिन मात्र आणखी सुंदर चालायला लागलं होतं. मी एका सुट्टीला गेलो तर बघतच राहिलो. सुटताना कळत नव्हतं, थांबताना कळत नव्हतं. आवाज असा चढायचा की कोणीतरी जिना चढतंय आणि पायरी वाजत नाही. मी मनापासून म्हणालो, "तात्या, हात बसला आता तुमचा."

तात्यांनी इंजिन बंद केलं. काकींनी तिघांचा चहा आणला. तात्या म्हणाले, "मी मगाच घेतलाय." काकींनी त्यांच्याकडे बघितलं आणि तिसरा कप परत आत नेला. तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी खुपलं. मागच्या वेळी आलो तेव्हाही त्यांनी 'मगाच' घेतला होता. कारखान्याच्या कॅन्टीनमध्येही हल्ली ते आमच्यात बसत नव्हते.

मग मी बघायला लागलो. एखादी गोष्ट एकदा खुपली की ती सगळीकडे दिसते. उजवा हात खिशात किंवा बगलेत. सही करताना डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं. बसच्या दांडीला आधी डावा हात. हात कापत होता. सतत नाही, पण काही धरायला गेला की कापायचा. वर्षातून एकदा ऑपरेटरांची तपासणी व्हायची, ती डोळ्यांची आणि रक्तदाबाची. त्यात ते पास होत होते.

इंजिन इतकं सुंदर का चालतंय, तेही मग कळलं. तात्यांनी त्याच्यात वजन वाढवत नेलं होतं. हाताचा थरकाप बटणात पोचत होता, पण बटणातून चाकापर्यंत पोचायच्या आत तो त्या वजनात जिरत होता. इंजिन त्यांच्या हाताचं ऐकेनासं झालं होतं, म्हणून ते छान चालत होतं. आणि मी त्याची तारीफ करून आलो होतो.

क्रेनमध्ये असं वजन नव्हतं. तिथे लिव्हर आणि हूक यांच्या मधे काही नव्हतं, आणि हुकाखाली बशीरची बोटं होती.

हे कोणाला सांगावं की सांगू नये, या विचारात मी दोन-तीन दिवस काढले. सांगितलं तर उद्याच्या उद्या त्यांना खाली उतरवून स्टोअरच्या खुर्चीत बसवतील, आणि सगळी नोकरी वर काढलेल्या माणसाचा शेवट दारावरच्या नोंदी करण्यात होईल. नाही सांगितलं तर काय होईल, त्याचा विचार करवत नव्हता. पण त्याआधी तात्यांनीच विषय काढला. परतीच्या बसमध्ये शेजारी बसले होते. बाहेर बघत म्हणाले, "बशीर हल्ली लांब उबा ऱ्हातो."

"म्हणजे?"

"दिवाळीपास्नं त्येनं बेडाला दोरी बांदलीया. आदी हातभर हुती. आता पार मशीनच्या पल्याड उबा ऱ्हाऊन वडतो. म्हनतो, सेफ्टीवाल्यांनी सांगितलंय. त्येनं कवा ऐकलं हुतं वो सेफ्टीवाल्यांचं?" ते माझ्याकडे वळले. "वरनं सगळं दिसतंय वायरमन. त्येला वाटतं, मला दिसत न्हाय."

फाटा आला. बस थांबली, हवा बाहेर पडली. उतरताना ते म्हणाले, "सुट्टीला या. एकलंच."

मी मोटरसायकलवर गेलो. दुपारची वेळ होती. काकींनी आधण ठेवलं नव्हतं. त्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, चौकटीला टेकून. तात्यांनी रूळ पुसून ठेवले होते, चाकं पुसून ठेवली होती, लुगड्याचा तुकडा बाजूला घडी करून ठेवला होता. डाव्या हाताने रिमोटची बटणं दाबत ते म्हणाले, "सगळं वजन काडून टाकलंय. आता त्येच्यात आन् माज्या उजव्या हातात कायबी न्हाय. डोळं मिटा आन् नुस्तं ऐका."

मी डोळे मिटले.

आधी तो खोकला, मग धडधड. इथवर नेहमीचं. मग आवाज चढला, लगेच पडला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. एखादा माणूस काहीतरी सांगायला तोंड उघडतो आणि शब्द फुटत नाही, तसं चाललं होतं. चाकं सुटल्याचा खट् आवाज यायचा आणि त्याच्या पाठोपाठ ब्रेकची चिरक. खट् आणि चिरक, खट् आणि चिरक. वेग जरा पडला की ब्रेकचा आवाज करायचा, हे त्या चिपला शिकवलेलं होतं आणि ती इमानाने करत होती. मला वाटलं आता थांबतील. ते थांबले नाहीत. त्यांनी इंजिन तसंच अडखळत, धापा टाकत, चिरकत, त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत आणलं. काकींनी मधे एकदाही "कुटवर आलं" असं विचारलं नाही.

"ऐकलंत?"

"धूळ असेल तात्या," मी म्हणालो. "ट्रॉल्या जातात सारख्या."

"आत्ताच पुसलंय." त्यांनी रिमोट माझ्यापुढे धरला. "आता तुमी चालवा."

मला ते करायचं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं, काकींकडे बघितलं. दोघेही वाट बघत होते. मी बटण फिरवलं. माझ्यासारख्या घाईच्या माणसाच्या हातून ते इंजिन सरळ, एका लयीत, एकही दचका न खाता निघालं. तात्या डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होते. खिडकी गेली, कांद्याची पाटी गेली, इंजिन भिंतीशी पोचलं.

"बरं चाललंय," तात्या म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. ती मला हवी होती आणि तिथे, तशी, मुळीच नको होती. मी रिमोट खाली ठेवला. मी उगाच चाकं पुसायला घेतली.

"क्रेनीत वजन घालायला तुमी न्हाय म्हनला, त्ये बरं केलं," तात्या म्हणाले. "मी घालून घेतलं असतं, आन् मला वाटलं असतं, माजा हात बरा हाय."

काकी दारातूनच बोलल्या. "मंग उद्या जानार न्हाय का?"

"जानार की. वर न्हाय जानार." आणि मग काकींकडे वळून, "खाली बशीर हाय गं."

पुढे तात्या स्टोअरला थोडे महिने बसले, मग मुलीने त्यांना उपचारासाठी पुण्याला नेलं ते तिकडेच राहिले. मीही तो कारखाना सोडला. शेळगावच्या घराला कुलूप असतं, भाऊ अधूनमधून झाडून घेतो. इंजिन पुण्याला गेलं की त्या खोलीतच आहे, मला माहीत नाही. फोनवर मी विचारत नाही, तेही सांगत नाहीत. पण तात्यांची आठवण निघाली की मला तो सुट्टीनंतरचा दिवस आठवतो.

त्या दिवशी ते नेहमीच्या बसने आले. शिफ्टच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले, थोड्या वेळाने बाहेर आले. क्रेनची शिडी चढायला दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला घरून बोलावून घेतलं. बशीर खाली दोरीचं वेटोळं हातात घेऊन उभा होता. तात्या त्याच्यापाशी गेले.

"बशीर, आजपास्नं मी वर न्हाय."

बशीरने वर केबिनकडे बघितलं, मग तात्यांकडे. "बरं," एवढंच म्हणाला. कशामुळे, हे त्याने विचारलं नाही. तात्यांनी सांगितलंही नाही. मी बाजूला उभा होतो, आणि मला वाटतं, त्या दोघांइतकी ही गोष्ट कोणालाच आधीपासून माहीत नव्हती.

पहिला बेड उचलला. बशीरशी या हाताची जोडी नवीन होती, त्यामुळे जरा अडखळत आला, पण आला. टेबलाजवळ आल्यावर बशीरने दोरी खांद्यावर टाकली, पुढे झाला आणि बेडवर तळहात टेकवला. मग दुसरा हात फटीत घालून पॅकिंग सरळ केलं. बेड टेकला.

"बगा, किती दिसांनी जवळ गेला," तात्या मला म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. उलट बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा दिसत होता. बोलता बोलता त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. तो कापत होता. आजूबाजूला चारपाच माणसं होती. तात्यांनी तो परत खिशात घातला नाही.

चहाची किटली आली. बशीर हात पुसत आला, त्याने कप मांडले आणि सगळ्यांना चहा ओतला. तात्यांचा कप अर्धाच भरला.

"अर्दाच?" तात्या म्हणाले.

"ह्यो संपू द्या की," बशीर म्हणाला. "मी हितंच हाय. आनिक वततो."